छत्तीस टाक्यांची बोट

मास्तरांना आडवं पाडायला शेवटी डोळ्याच्या डॉक्टरांची गरज लागली, यावर अख्ख्या इमारतीचं एकमत होतं. एरवी हा माणूस बसलेलासुद्धा कुणी फारसा पाहिला नव्हता. तंत्रशाळेत तीस वर्षं उभं राहून शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर जिन्यात उभं राहून शिकवायला लागले. कुणाचा दिवा गेला की मास्तर दुरुस्त करून देत, पण आधी तो का गेला हे ऐकावं लागे. तेव्हा बरेच जण आपले चाचपडत जिना चढत आणि मास्तरांच्या दारावरून जाताना चपला हातात घेत.

आता तेच मास्तर समोरच्या खोलीत पलंगावर पालथे पडले होते. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. तो डॉक्टरांनी जागच्या जागी बसवला आणि डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला. बुडबुडा वर तरंगतो, त्याला कोण काय करणार. माणूस पालथा असला की ‘वर’ म्हणजे डोळ्याची मागची भिंत, आणि बुडबुडा तिथे टेकून पडद्याला दाबून धरतो. मान वर केली की बुडबुडा सरकतो. बुडबुडा सरकला की पडदा सुटतो. हे तीन आठवडे. जेवायला उठायचं तेही हनुवटी छातीला लावून. डावा डोळा लहानपणापासून नावालाच होता, त्याला उजेड आणि सावली यांच्यापलीकडे काही कळत नसे. म्हणजे मास्तरांच्या मालकीचा खरा डोळा एकच, आणि तो पट्टीखाली, एका बुडबुड्याच्या भरवशावर.

हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सताईनं लोकरकाकूंना नीट समजावून सांगितलं होतं. मास्तरांनाही सांगितलं होतं, पण वेगळ्या भाषेत. “मान वर दिसली तर इंजेक्शन कुठे देईन ते आत्ता सांगत नाही,” असं.

लोकरकाकू म्हणजे मास्तरांच्या बायको. अंबाड्यात कायम विणकामाच्या दोन सुया खोचलेल्या, त्यामुळे मागून पाहिलं की एखाद्या जुन्या रेडिओसारख्या दिसत. बाई मोजल्याशिवाय काही करत नसत. जिन्याच्या पायऱ्या मोजत, कुकरच्या शिट्ट्या मोजत, आणि नवरा बोलायला लागला की त्याची वाक्यंही मोजत. “सतरा झाली, आता पुरे,” असं त्या चारचौघांत म्हणाल्याचं ऐकलेले साक्षीदार इमारतीत आजही हयात आहेत.

खिडकीपाशी त्यांचं विणकामाचं मशीन होतं. लांबच लांब पट्टीवर ओळीनं सुया, आणि त्यावरून इकडून तिकडे सरकवायचा गाडा. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी त्याला एक पेटी जोडली. गाडा सरकू लागला की पेटीतले लोहचुंबक टकटक करत आणि नक्षीला हव्या त्याच सुया पुढे येत. कुठली सुई पुढे आणि कुठली मागे, हे संगणकावरचा एक प्रोग्रॅम पेटीला सांगे. तो मास्तरांनी सी भाषेत स्वतः लिहिलेला. तेव्हापासून घरात एक तह होता. मशीन काकूंचं, पेटी मास्तरांची. नक्षी बदलायची असली की काकू बाजूला होत आणि मास्तर खुर्ची ओढून बसत. काकूंनी कधी डोकावलंच तर मास्तर म्हणत, “यात पॉइंटर आहेत. तुला नाही झेपायचं.” काकू म्हणत, “मला झेपायला तुम्ही पुरे आहात.” आणि कणीक मळायला जात.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी कप्तान आला. कप्तान म्हणजे या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या बोटीचा. त्याच्या बोटीवरच्या अठराही जणांचे स्वेटर दर दोन वर्षांनी लोकरकाकूच विणत, छातीवर पांढऱ्या धाग्यात बोटीची नक्षी. यंदाच्या बाह्या आणि पाठी तयार होत्या, फक्त छातीचे भाग बाकी.

कप्तान दारातच चुळबुळत उभा राहिला. “काकू, एक घोळ झालाय. नवी बोट येतेय. एक तारखेला पाण्यात उतरणार. तिला धुराडी दोन आहेत.”

“मग?”

“स्वेटरवर एकच आहे. मालक म्हणतात, माणसांच्या छातीवर जुनी बोट आणि पायाखाली नवी, हे बरं दिसत नाही.” त्यानं चौकटींचा कागद पुढे केला. “नवी नक्षी रुंद आहे. जुनी चोवीस टाक्यांची होती, ही छत्तीसची. पण मास्तरांची ही अवस्था बघता, यंदा गिरणीला सांगू का?”

काकू तोंड उघडणार, तोवर पलंगाखालून आवाज आला. म्हणजे आला पलंगावरूनच, पण मास्तरांच्या चेहऱ्याखाली मधे भोक असलेली उशी होती, त्यामुळे त्यांचं बोलणं आधी जमिनीवर आपटून मग खोलीत पसरे. “होईल म्हणून सांग त्याला. दोन आकडे बदलायचे. पाच मिनिटांचं काम.”

कप्तान खूश होऊन गेला. काकूंनी दार लावलं आणि पलंगापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“पाच मिनिटांचं काम कोण करणार?”

“तू नळावर गेलीस की मी—”

“तुम्ही काय?”

मास्तरांनी पावलं चादरीत ओढून घेतली.

बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एक त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्धवट राहिलेलं यंत्र खोलीत असताना हा माणूस स्वस्थ पडू शकत नाही. कप्तानाला आता नाही म्हटलं तरी उपयोग नव्हता, पेटी डोक्यात घुसली होती. उद्या त्या दूध घ्यायला खाली गेल्या की हा पट्टी सोडून, मान वर करून, संगणकासमोर बसणार. पाच मिनिटांसाठी. त्या एका डोळ्यानं.

त्यांनी अंबाड्यातली एक सुई काढली, मास्तरांच्या पाठीवर टोचेल न टोचेल अशी टेकवली आणि म्हणाल्या, “मला शिकवा.”

“काय?”

“ते तुमचं, जे मला झेपत नाही, ते. तुम्ही बोलायचं, मी टाइप करायचं. मान हलली की तास बंद.”

मास्तरांना तीस वर्षांत इतका कडक विद्यार्थी मिळाला नव्हता.

पहिली अडचण अशी, की मास्तर शिकवायचे ते बोटानं. फळ्यावर बोट, संगणकाच्या पडद्यावर बोट, पोरांच्या डोक्यावर बोट. आता बोट होतं, पण दाखवायला पुढे जमीन. तेव्हा सगळं शब्दांत सांगणं आलं.

“पॉइंटर म्हणजे,” उशी म्हणाली, “पत्ता. वस्तू नव्हे, वस्तू कुठे आहे ते.”

“म्हणजे खूण.”

“कसली खूण?”

“विणताना सुईवर रंगीत दोऱ्याची कडी अडकवते ना मी, इथून नक्षी सुरू म्हणून. कडी म्हणजे काही टाका नव्हे. टाका कुठला ते सांगते.”

“बरं,” मास्तर म्हणाले. त्यांचं ‘बरं’ म्हणजे इतरांनी हार घालण्यासारखं होतं. “मग समज, खुणेचं नाव पी. नुसतं पी म्हटलं तर खूण. आधी स्टार लावला, स्टार पी, तर खुणेपाशी जाऊन तिथे काय आहे ते बघायचं.”

“आणि पुढच्या टाक्यावर जायचं तर?”

“पी अधिक एक. पण थांब, इथेच पोरं आपटतात. पी अधिक एक म्हणजे किती पुढे, हे पी कशाकडे बघतोय त्यावर आहे. टाक्याकडे बघत असेल तर एक टाका. अख्ख्या ओळीकडे बघत असेल तर अख्खी ओळ ओलांडून पुढच्या ओळीच्या तोंडाशी. आपलं पाऊल केवढं, ते पॉइंटरला जन्मापासून ठाऊक असतं.”

“तुमच्यासारखं नाही मग. तुम्ही जिन्यात दोन पायऱ्या एकदम उतरता आणि घोटा मुरगळता.”

“सतरा झाली का माझी?”

“तेरा. अजून चार आहेत.”

सराव म्हणून मास्तरांनी जुनीच चोवीस टाक्यांची बोट पुन्हा भरायला सांगितली. नक्षी म्हणजे तीस ओळी, ओळीत चोवीस आकडे, पांढरा टाका असेल तिथे एक आणि नसेल तिथे शून्य. काकूंनी चष्मा लावला, कागद मांडीवर घेतला आणि दोन दिवस खपून सगळे आकडे भरले. एका बोटानं. मग मशीनवर नमुना विणला, गाडा इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि कापड सोडवून उजेडात धरलं.

“काय आलं?” उशीनं विचारलं.

“बोटीला दोन नाकं आलीत. एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि दोन्ही नाकांना कंगव्यासारखे दात.”

मास्तर म्हणाले, “तू आकडे भरलेस कसे?”

“विणतात तसे. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे. मग दुसरी उजवीकडून डावीकडे. कागदावरची नक्षी अशीच वाचतात.”

पलंग हलायला लागला. काकूंना आधी वाटलं, रडतायत. मग लक्षात आलं, हसतायत, आणि मान वर न करता हसायचं असल्यामुळे सगळं हसू पाठीतून बाहेर पडतंय. “तीस वर्षं,” ते धापा टाकत म्हणाले, “तीस वर्षं मी पेपर तपासले. इतकी रीतसर चूक एकानं केली नाही.”

“हसून झालं असेल तर सांगा.”

“अगं, गाडा वळतो हे मला माहीत होतं म्हणूनच परतीच्या ओळी उलट्या वाचायचं काम प्रोग्रॅममध्येच घालून ठेवलंय. तू त्या भरतानाही उलट्या भरल्यास. आकडे सगळे एकाच बाजूनं भरायचे. टाइपरायटरसारखे. ओळ संपली की परत डावीकडे.” थोडं थांबून त्यांनी पुढचं सांगितलं, कारण न सांगता राहणं त्यांना जमत नसे. “आणि खरं सांगू का, मेमरीत ओळीबिळी काही नसतंच. पहिल्या ओळीचे चोवीस, त्यांना चिकटून दुसरीचे चोवीस, त्यांना चिकटून तिसरीचे. सगळी एकच लांब रांग. ओळ आणि रकाना हे आपण मानायचं.”

काकूंनी हातातला दातांचा नमुना पाहिला, त्याचं टोक सोडलं आणि ओढलं. एकेक ओळ सरसर उसवत गेली आणि मांडीवर कुरळ्या धाग्याचा ढीग झाला.

“म्हणजे हेच की. उसवलं की एकच धागा. ओळी कुठे गेल्या?”

उशीतून हळूच आलं, “बरं.” आणि थोड्या वेळानं पुन्हा, “हे मला वर्गात सुचायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी जिन्यात बातमी होती, की लोकरकाकू नवऱ्याला ‘स्टार’ म्हणायला लागल्या. नर्सताईनं थेंब घालताना विचारलंसुद्धा. काकू म्हणाल्या, “नुसतं स्टार नव्हे. स्टार पी.” नर्सताईला त्यात काय समजायचं ते ती समजली, आणि संध्याकाळपर्यंत मास्तर प्यायला लागल्याचं तीन मजल्यांवर कळलं.

बाराव्या दिवसापर्यंत नवी नक्षी भरून झाली. तीस ओळी, ओळीत छत्तीस, सगळ्या डावीकडून. काकूंनी प्रत्येक ओळ कागदाशी दोनदा ताडून पाहिली. मग मास्तरांनी सांगितलं, “आता दोन जागी चोवीसचं छत्तीस कर. एक जिथे ॲरे, म्हणजे आकड्यांची ती रांग, जाहीर केलाय तिथे, आणि एक जिथे लूप फेऱ्या घालत टाके मोजतं तिथे. बास. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

“दोनच जागा?”

“माझा प्रोग्रॅम आहे. तोंडपाठ आहे मला.”

काकूंनी दोन्ही बदलले, आज्ञेच्या शेवटी लागणारा सेमीकोलन जागेवर असल्याचं पाहिलं आणि कंपाइल केलं, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवला. पडद्यावर एक लांबलचक ओळ आली. “वॉर्निंग आहे काहीतरी. पॉइंटर जुळत नाही म्हणतंय.”

“वॉर्निंग म्हणजे चूक नव्हे. वॉर्निंगला घाबरणारा कधी पुढे जात नाही,” मास्तर म्हणाले. हे वाक्य ते तीस वर्षं प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी ऐकवत आले होते. “चालव.”

चालवलं. गाडा फिरला, पेटी टकटकली, तीस ओळी विणून झाल्या. काकूंनी कापड सोडवलं आणि पाहतच राहिल्या. बोट नव्हतीच. बोटीचे तुकडे होते, तिरके, एकमेकांवरून घसरलेले, जणू पाण्यात मोडून वाहत चाललेली. आणि धुराड्यांचा पत्ता नव्हता. जुनं एकही नाही, नवी दोनही नाहीत.

कप्तान नमुना बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

“आकडे चुकले असणार तुझे,” मास्तर म्हणाले.

“नाही चुकले.”

“पुन्हा बघ.”

काकूंनी पुन्हा पाहिलं. जेवण झाल्यावर आणखी एकदा पाहिलं. एक आकडा इकडचा तिकडे नव्हता. मास्तरांनी लूपची ओळ वाचून घेतली, ॲरेची ओळ वाचून घेतली. दोन्ही बरोबर. पलंगावर त्यांची बोटं चादरीवर टकटक करू लागली, पेटीसारखी. दुपारचे तीन वाजले तशी ती टकटक थांबली, आणि ते काकूंना जास्त वाईट वाटलं.

“अगं, ऐक. दोन मिनिटं बघू दे मला.”

“नाही.”

“पट्टी जरा सरकवतो. दोन मिनिटांत काय होतंय? चूक दिसली की लगेच आडवा. तुला ती महिनाभर सापडणार नाही, मला एका नजरेत सापडेल.”

“ती एक नजर शेवटची असली तर?”

“तू नर्सताईसारखी बोलू नकोस.” आणि मास्तरांनी दोन्ही कोपरं पलंगावर रोवली.

काकू खुर्चीतून कशा उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी तळहात नवऱ्याच्या मानेवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मान त्या हाताखाली ताठ होती. बेचाळीस वर्षांत या माणसाला कुठल्याही गोष्टीपासून हातानं अडवावं लागलं नव्हतं, एक तर शब्दांनी अडायचा नाहीतर अडायचाच नाही.

“बघायचंच आहे ना?” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच ठेवला. “हे घ्या. बोटांनी बघा.” आणि बिघडलेला नमुना त्यांच्या पलंगावरून लोंबणाऱ्या हातात दिला.

पांढरा धागा जाड होता, बोटांना लागे. मास्तर क्षणभर तसेच राहिले, मग कोपरं सैल झाली, कपाळ उशीत गेलं आणि अंगठा कापडावरून फिरायला लागला. “काही कळत नाही,” ते कुरकुरले. “सगळं तिरकंय.”

“तिरकंय,” काकू म्हणाल्या आणि थबकल्या.

तिरकं त्यांनी आधी एकदा पाहिलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी नवऱ्याला स्वेटर विणला होता. लोकर अशी होती की दर हातभरावर धाग्याचाच रंग बदलायचा. दुकानदारानं सांगितलेल्या टाक्यांवर विणलं की रंग एकावर एक येऊन सरळ उभे पट्टे पडायचे. पण नवऱ्याचं पोट मोजलं तर ते दुकानदाराच्या हिशेबात बसेना, म्हणून काकूंनी टाके वाढवले. धागा तोच, रंग तेच, एकही टाका चुकला नाही, आणि पट्टे जे तिरके चालत निघाले ते खांद्यावरून पाठीवर गेले. मास्तरांनी तो स्वेटर अकरा वर्षं वापरला. तंत्रशाळेत त्याला ‘वाकडी तिकडी वाट’ म्हणत.

धागा बरोबर असतो. रुंदी चुकलेली असते.

“हलू नका,” त्या म्हणाल्या. नमुन्याचं दुसरं टोक त्यांनी आपल्या मांडीवर ओढलं, आणि एक हात मास्तरांच्या मानेवर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं, कागद शेजारी धरून, ओळी मोजायला लागल्या. पहिली ओळ बरोबर. दुसरी भलतीच. तिसरी भलतीच. चौथी बरोबर होती, पण कागदावरच्या चौथीसारखी नव्हती, तिसरीसारखी होती. मग पाचवी, सहावी भलत्या, आणि सातवी? कागदावरची पाचवी.

“कापडाच्या तीन ओळी झाल्या की माझ्या कागदाच्या दोनच संपतात,” त्या पुटपुटल्या.

“काय म्हणालीस?”

“गप्प बसा. चोवीस त्रिक?”

“बहात्तर,” मास्तर शाळकरी पोरासारखे म्हणाले.

“छत्तीस दुणे?”

“बहात्तर.”

हाताखालची मान एकदम स्थिर झाली.

“कुणीतरी अजून चोवीसच्या पावलानं चालतंय,” काकू म्हणाल्या. “विणतंय छत्तीस, पण पुढच्या ओळीला जाताना चोवीसच टाके ओलांडतंय. दर ओळीला बारा टाके मागे पडतंय. म्हणून धुराडी आली नाहीत. तीस ओळी विणून झाल्या तेव्हा ते माझ्या विसाव्या ओळीतच होतं, आणि धुराडी एकविसावीपासून आहेत.” त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा नाकावर बसवला आणि पडदा वर सरकवत नेला. तिथे एक कॉमेंट होती, म्हणजे यंत्रासाठी नव्हे, वाचणाऱ्या माणसासाठी टीप, मास्तरांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिलेली. “इथे लिहिलंय, ‘खालच्या ओळीला हात लावू नये’.”

“ते तुझ्यासाठीच लिहिलं होतं,” मास्तर बारीक आवाजात म्हणाले.

“खालची ओळ वाचते. फंक्शनचं नाव, मग इंट, कंसात स्टार पी, कंस पुरा, आणि पुढे चौकोनी कंसात…” त्या थांबल्या. थांबण्याचा हक्क त्यांनी आठ दिवसांत कमावला होता. “चोवीस.”

मास्तरांनी कपाळ उशीत आणखी खोल घातलं.

“आपलं पाऊल केवढं ते पॉइंटरला जन्मापासून ठाऊक असतं, म्हणाला होतात. जन्माच्या दाखल्यावर चोवीस लिहून ठेवलंत आणि विसरलात.”

“वॉर्निंग काय होती?” मास्तरांनी विचारलं.

“हीच होती. पॉइंटर जुळत नाही.”

“हं.”

“तीस वर्षांतल्या सगळ्या पोरांना पत्र टाकायचं का?”

“पुरे.”

“माझी आत्ता कुठे पाच वाक्यं झाली.”

काकूंनी चोवीसचं छत्तीस केलं. कंपाइल केलं, पडदा स्वच्छ. मग गाडा सरकवायला लागल्या. बोटीचा तळ आला, सरळ. नाक आलं, एकच, आणि दात नसलेलं. विसावी ओळ झाली, एकविसावी आली, आणि पेटीची टकटक बदलली. चार टकटक, मग शांतता, मग पुन्हा चार. मास्तर पलंगावरून ऐकत होते. अकरा वर्षांत त्या पेटीतून त्यांनी असा आवाज ऐकला नव्हता.

काकूंनी नमुना सोडवला आणि त्यांच्या हातात दिला. अंगठा तळावरून नाकावर गेला, नाकावरून वर, पहिल्या धुराड्यावर चढला, उतरला, चाचपडला आणि दुसऱ्यावर चढला. मग पुन्हा पहिल्यावर. कितीतरी वेळ तो अंगठा दोन धुराड्यांच्या मधे येरझारा घालत होता, आणि मान उशीतून केसभरसुद्धा वर आली नाही.

“बरं,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कप्तानानं नमुना पाहिला आणि त्याला तो आवडला, एवढंच. हे सगळं मास्तरांनीच जमवलंय असं धरून त्यानं पलंगाकडे पाहून आभार मानले. “तिचे मान,” उशी म्हणाली. कप्तानाला वाटलं, बोटीचे मानायला सांगतायत, आणि तो कौतुकानं हसला. एक तारखेला अठरा माणसं दोन धुराड्यांची छाती काढून धक्क्यावर उभी होती. काकू गेल्या नाहीत. मास्तरांचे पालथे पडायचे चार दिवस अजून उरले होते, आणि नर्सताईवर विश्वास असला तरी मास्तरांवर नव्हता.

चार दिवसांनी पट्टी निघाली. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि पडदा जागेवर असल्याचं सांगितलं. नजर हळूहळू परत येईल, घाई करू नका, म्हणाले. काकूंनी रिक्षात बसताना पदर डोळ्याला लावला आणि धूळ गेली म्हणाल्या. मास्तर एरवी धूळ डोळ्यात कशी जाते हे सांगितल्याशिवाय राहिले नसते, पण त्या दिवशी त्यांनी फक्त आपला रुमाल पुढे केला.

बुडबुडा विरून अक्षरं दिसायला लागायला आणखी महिना गेला. पहिली अक्षरं मास्तरांनी वर्तमानपत्रातली वाचली नाहीत. सकाळी काकू चहा टाकत होत्या तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली, संगणक लावला, नाक पडद्याला लागेल इतकं पुढे नेलं आणि प्रोग्रॅम उघडला. काकू दारातून बघत उभ्या राहिल्या. मास्तरांचं नाक ओळीओळीनं खाली सरकत होतं, आणि एका जागी थांबलं. जिथे ‘हात लावू नये’ होतं तिथे आता दुसरीच कॉमेंट होती. ते एकेक अक्षर जोडत वाचू लागले, पहिलीतल्या पोरासारखे, मोठ्यानं.

“‘नक्षीची रुंदी बदलली तर ही ओळसुद्धा बदला. मास्तरांना विचारत बसू नका, त्यांना तोंडपाठ आहे.’”

स्वयंपाकघरात चहा उतू जाण्याच्या बेतात होता. काकू हलल्या नाहीत.

मास्तर मागे टेकले. दुखरा डोळा त्यांनी मिटला, उघडला, पुन्हा एकदा ती ओळ पाहिली. चूक काढायची सवय इतक्या सहजी जाते थोडीच.

“शेवटी सेमीकोलन राहिलाय,” ते म्हणाले.

“कॉमेंटला लागत नाही,” काकू म्हणाल्या आणि गॅस बारीक करायला आत गेल्या.